विश्लेषण : घरी बिअर बनवणे गुन्हा का ठरतो? मोरारजी देसाईंच्या दारूबंदीची गोष्ट

हिंगोलीत परवाना असलेल्या दुकानातून बिअरची बाटली विकत घेता येते. तीच बिअर स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःपुरती बनवली तर मात्र ती बेकायदा ठरते. विकत घेणे चालते, बनवणे चालत नाही. हे असे का, याचे उत्तर शोधत गेल्यास १९४९ च्या एका कायद्यापाशी आणि त्या कायद्याशी आयुष्यभर जोडल्या गेलेल्या एका नावापाशी पोहोचावे लागते. ते नाव म्हणजे मोरारजी देसाई.

मराठी माणसाला मोरारजी आठवतात ते संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील गोळीबारामुळे किंवा त्यांच्या स्वमूत्र उपचारामुळे. पण आपल्या रोजच्या जगण्यावर त्यांची सर्वांत लांब सावली पडली आहे ती दारूबंदी कायद्याची. हातभट्टीवरच्या छाप्यापासून बिअर बारच्या पाटीवरील ‘परमिट रूम’ या दोन शब्दांपर्यंत ती आजही दिसते.

घरच्या बिअरमध्ये असते तरी काय?

बिअरला चार गोष्टी लागतात. पाणी, मोड आणून वाळवलेले सातू म्हणजे माल्ट, यीस्ट आणि हॉप्स. माल्ट कोमट-गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिठूळ भागाची साखर होते. हा गोड काढा हॉप्स घालून उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. एक-दोन आठवड्यांत यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि वायू तयार करते. इडलीचे पीठ फुगण्यामागेही आंबण्याचीच क्रिया असते.

हॉप्स ही भांगेच्या कुळातील एक वेल आहे. तिच्या मादी वेलीला येणारी हिरवी, शंकूसारखी फुले बिअरला कडवटपणा आणि वास देतात, शिवाय ती लवकर खराब होऊ देत नाहीत. युरोप-अमेरिकेत अनेक हौशी लोक परसात ही वेल चढवतात आणि घरच्या फुलांची बिअर बनवतात. तिला थंड हिवाळा आणि उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा मोठा दिवस लागतो. हिंगोलीत सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे हळदीच्या या जिल्ह्यात वेल जगवता आली, तरी तिला चांगली फुले धरणे अवघड. भारतात हॉप्सची शेती झाली ती काश्मीर आणि हिमाचलमधील लाहौलसारख्या थंड भागांत.

पण वेलीची अडचण ही दुय्यम आहे. फुले बाहेरून मागवली तरी खरी अडचण कायद्याची आहे.

मोरारजी कुठून आले?

मोरारजी रणछोडजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ रोजी वलसाडजवळच्या भदेली गावी झाला. वडील शिक्षक होते, घरात शिस्त कडक होती. वलसाड तेव्हा सुरत जिल्ह्यात आणि सुरत मुंबई इलाख्यात होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिक्षण घेऊन मोरारजी १९१८ मध्ये प्रांतिक सेवेत दाखल झाले आणि पुढची बारा वर्षे त्यांनी डेप्युटी कलेक्टर म्हणून काम केले.

ते ज्या सरकारची नोकरी करत होते, त्याचा दारूशी थेट आर्थिक संबंध होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी आणि दारू बनवणे परवान्याखाली आणले होते. त्याआधी कोकण आणि दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात मोहाच्या फुलांची दारू घरोघरी बनत असे. सरकारला घरच्या दारूवर कर घेता येत नव्हता, म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच वेगळा कायदा आला. म्हणजे घरात दारू बनवणे गुन्हा ठरवले ते प्रथम इंग्रजांनी. त्यांचा हेतू दारू थांबवण्याचा नव्हता, महसुलाचा होता. मुंबई इलाख्याच्या तिजोरीत जमीन महसुलाखालोखाल अबकारीचा पैसा येत असे.

ज्या मुलखात मोरारजी वाढले, तिथेच १९२२ मध्ये आदिवासींमध्ये देवीची चळवळ उभी राहिली. देवीची आज्ञा म्हणून गावेच्या गावे दारू-ताडी सोडू लागली आणि गुत्तेवाल्यांवर बहिष्कार घालू लागली. दारू सोडणे म्हणजे कर्जातून आणि गुत्तेवाल्याच्या पकडीतून सुटणे, हा अर्थ त्यात होता. काँग्रेसच्या दारूबंदीच्या आग्रहामागे हा अनुभवही उभा होता, केवळ सोवळेपणा नव्हता.

दारूबंदीचा पहिला प्रयोग कधी झाला?

१९३० मध्ये मोरारजींनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते सत्याग्रहात उतरले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना तीनदा तुरुंगवास झाला. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांतात पहिले काँग्रेस सरकार आले, तेव्हा मोरारजी महसूल, कृषी, वन आणि सहकार खात्यांचे मंत्री झाले.

या सरकारने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. तिची जबाबदारी डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. ते स्वतः पारशी होते आणि दारूच्या धंद्यात पारशी समाज मोठ्या संख्येने असल्याने विरोधही त्यांच्याच समाजातून जोरदार झाला. नोव्हेंबर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रयोग अर्ध्यावर थांबला.

म्हणजे दारूबंदी ही एकट्या मोरारजींची कल्पना नव्हती. ती गांधीजींच्या कार्यक्रमाचा भाग होती आणि पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून आली. पण तो कायदा हातात दंडा घेऊन राबवण्याची वेळ आली, तेव्हा गृहखात्याच्या खुर्चीत मोरारजी बसले होते.

१९४९ च्या कायद्यात काय होते?

१९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आले आणि मोरारजींकडे गृह आणि महसूल ही खाती आली. दारूबंदी टप्प्याटप्प्याने वाढवत नेली गेली. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हा त्याचा कळस. तो १६ जून १९४९ पासून अमलात आला आणि १९५० मध्ये संपूर्ण मुंबई राज्य कोरडे झाले.

या कायद्यात दारूची व्याख्या फार रुंद ठेवली आहे. बिअर, वाइन, ताडी आणि मद्यार्क असलेला कोणताही द्रव त्यात येतो. बनवणे म्हणजे केवळ भट्टी लावणे असे नाही. नैसर्गिक वा कृत्रिम अशा ज्या क्रियेने दारू तयार होते, ती प्रत्येक क्रिया बनवणेच ठरते. कलम १२ ने बनवण्यावर बंदी आहे आणि कलम ६५ मध्ये शिक्षा आहे. त्यासाठी लागणारी भांडी आणि साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. घरगुती वापरासाठी थोडी बिअर बनवण्याची सूट त्यात ठेवलेली नाही.

इंग्रजांच्या कायद्यापेक्षा हेतू आता बदलला होता. अबकारी कायदा म्हणत होता, आधी कर भरा. नवा कायदा म्हणत होता, पिऊच नका. पण घरातल्या पातेल्यापुरता दोघांचा परिणाम एकच झाला.

या कायद्याला लगेच आव्हानही मिळाले. फ्रामजी नसरवानजी बलसारा या मुंबईकराने तो घटनाविरोधी असल्याचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने मे १९५१ मध्ये औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांतील मद्यार्कासारखी काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा मुख्य गाभा कायम ठेवला. मुंबई राज्य विरुद्ध बलसारा हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

दारू थांबली की घरात शिरली?

१९५२ च्या निवडणुकीत मोरारजी स्वतः अवघ्या १९ मतांनी पडले, तरीही मुख्यमंत्री झाले. राज्य कडक शिस्तीने चालवणारा, अप्रिय निर्णयांना न घाबरणारा प्रशासक अशी त्यांची ओळख होती. पण त्यांच्याच राजधानीत दारूबंदीची दुसरी बाजू दिसू लागली.

दुकाने बंद झाली आणि दारू घरांत शिरली. वांद्रे, धोबी तलाव, माझगाव अशा भागांत राहत्या घरात दारू मिळू लागली. ती बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांत ख्रिस्ती बायकांचे प्रमाण मोठे असल्याने या ठिकाणांना ‘आंटीचा अड्डा’ हे नाव पडले. काळा गूळ, नवसागर आणि हाताशी येईल ती फळे सडवून ही दारू काढत. कित्येक विधवा आणि बेकार घरांची चूल त्यावर पेटत होती, तसेच पोलिसांचे हप्तेही त्यावरच ठरत होते. पुढे हा धंदा मोठ्या टोळ्यांच्या हाती गेला. वरदराजन मुदलियार हे नाव आधी मोठे झाले ते हातभट्टीच्याच जोरावर.

जो कायदा घरातली चूल वाचवण्यासाठी आणला, त्याने अनेक घरांतील चुलीवर भट्टी चढवली. मोरारजींच्या धोरणातील हा सर्वांत मोठा विरोधाभास. मात्र त्याचा दुसरा अर्थही नजरेआड करता येत नाही. गुत्ता बंद झाल्यावर ज्या बाईच्या हाती नवऱ्याचा पूर्ण पगार पडला, तिचा अनुभव आंटीच्या अड्ड्याच्या गोष्टींत येत नाही.

मोरारजींचा हा स्वभाव पुढेही दिसला. केंद्रात अर्थमंत्री असताना जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावर बंदी आली. लोकांची सोन्याची ओढ काही कमी झाली नाही. चोरटे सोने येत राहिले आणि हजारो सोनारांचे काम गेले. घरातली सवय कायद्याने मोडता येते, हा विश्वास दोन्ही निर्णयांत समान होता.

हिंगोलीला हा कायदा कधी लागू झाला?

१९४९ मध्ये हा कायदा आला तेव्हा हिंगोली मुंबई राज्यात नव्हती. हिंगोली परभणी जिल्ह्याचा भाग होती आणि परभणी हैदराबाद राज्यात. निजामाच्या राजवटीत अबकारी हे तिजोरीचे मोठे साधन होते. ताडी, शिंदी आणि मोहाची दारू सरकारी मक्त्याने विकली जाई.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. योगायोग असा की त्याच महिन्यात मोरारजी केंद्रीय मंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मुंबईची सूत्रे यशवंतराव चव्हाणांकडे आली. म्हणजे हिंगोली मोरारजींच्या हाताखाली कधीच आली नाही, पण त्यांचा कायदा मागे राहिला होता. १९५९ च्या विस्तार कायद्याने तो राज्याच्या उरलेल्या भागांतही लागू झाला. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

आज कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत वा हिंगोली तालुक्यात हातभट्टीवर छापा पडतो, सडवा ओतून दिला जातो आणि बातमीत कलम ६५ चा उल्लेख येतो, तो याच कायद्याचा असतो. २०१२ नंतर त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे झाले, इतकेच.

१९७८ मध्ये दोन देशांत उलटे काय घडले?

मार्च १९७७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, मोरारजी पंतप्रधान झाले. आणीबाणीत १९ महिने स्थानबद्धतेत काढून ते या पदावर आले होते. मुंबई राज्यात जे केले ते आता देशभर करायचे, असे त्यांनी ठरवले. टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय दारूबंदी हे जनता सरकारचे धोरण बनले.

त्याच काळात अमेरिकेत नेमके उलटे घडत होते. तिथली दारूबंदी १९३३ मध्येच उठली होती. पण त्या वेळी घरगुती वाइनला सूट मिळाली आणि घरगुती बिअर राहून गेली. जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर भारतात येऊन मोरारजींना भेटले होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी घरी बिअर बनवण्यास सूट देणाऱ्या विधेयकावर सही केली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन म्हणजे सुमारे ३७८ लिटर, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन, अशी मर्यादा ठरली. विक्रीची मुभा मात्र दिली नाही. ब्रिटनने तर १९६३ मध्येच घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला होता.

परिणाम असा की परसातली हॉप्सची वेल आणि गॅरेजमधला बिअरचा पिंप हा तिकडे छंद झाला आणि त्यातून पुढे शेकडो लहान बिअर कारखाने निघाले. इकडे जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार कोसळले आणि राष्ट्रीय दारूबंदीही त्याबरोबर गेली.

‘परमिट रूम’ हे नाव कुठून आले?

महाराष्ट्राने त्याआधीच वाट बदलली होती. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्रात मात्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ती सैल होत गेली. कायदा रद्द केला नाही, परवान्यांची दारे उघडली.

म्हणून आजही कागदावर महाराष्ट्र दारूबंदीचे राज्य आहे आणि परवाना हा त्याला अपवाद आहे. पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. परवानाधारकाने बसून पिण्याची जागा ती परमिट रूम. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५ वर्षे.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विकणाऱ्याला परवाना मिळाला, पिणाऱ्याला मिळाला, मोठ्या कारखान्याला मिळाला. २००९ मध्ये पुण्यात पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि हॉटेलात ताजी बिअर बनवण्यालाही वाट मिळाली. घरात स्वतःपुरती बनवणाऱ्यासाठी मात्र कोणताही सोपा परवाना तयार झाला नाही. दारू वाईट म्हणून आलेला कायदा उरला तो आता मुख्यतः परवान्याचा आणि महसुलाचा. एका अर्थाने गाडी १८७८ च्या अबकारी कायद्यापाशी परत आली.

मग घरच्या बिअरला सूट द्यावी का?

बाजूने बोलणारे एक शास्त्रीय मुद्दा मांडतात. धान्य आंबवून केलेली बिअर आणि विषारी हातभट्टी या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत शंभरहून अधिक बळी गेले ते दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. हे औद्योगिक रसायन बेकायदा धंद्यात स्वस्तात नशा वाढवण्यासाठी वापरले जाते. माल्ट आणि यीस्टच्या बिअरमध्ये ते अशा घातक प्रमाणात तयार होत नाही.

विरोधातील मुद्दा गावाकडचा आहे. स्वतःपुरती आणि विक्रीसाठी यांतील रेषा तांड्यावर वा वस्तीवर कोण आखणार? सूट मिळाली तर शहरातला हौशी माणूस मापात बनवेल, पण गावात तिच्या आडून भट्ट्या उभ्या राहतील, अशी भीती आहे. आडवी बाटली करण्यासाठी मतदान मागणाऱ्या, ग्रामसभेत ठराव घेणाऱ्या आणि प्रसंगी स्वतः भट्ट्या फोडणाऱ्या बायका महाराष्ट्रात गावोगावी आहेत. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत आजही दारूबंदी आहे, चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली.

मोरारजी १० एप्रिल १९९५ रोजी मुंबईत वारले, तेव्हा त्यांनी वयाची ९९ वर्षे पूर्ण केली होती. ज्या शहराला त्यांनी कोरडे करायचे ठरवले होते, तिथे तोवर रस्तोरस्ती परमिट रूम उघडल्या होत्या. दारू पिणे त्यांच्या कायद्याने थांबले नाही, ती कोण बनवू शकतो एवढे मात्र ठरले. हिंगोलीतल्या एखाद्या तरुणाने उद्या मोबाइलवर पाहून माल्ट, यीस्ट आणि हॉप्स मागवले, तर त्याने हे आधी माहीत करून घेतलेले बरे : सामान घरपोच मिळेल, पण ते उकळून त्यात यीस्ट सोडले की तो कलम ६५ च्या कक्षेत येतो.